पाचव्या फेरीनंतर काय? : चुंबकीय नॅनोपदार्थांच्या संशोधकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत पाणी शुद्धीकरणासाठी चुंबकीय नॅनोपदार्थांवर काम करणारे मार्गदर्शक प्राध्यापक व संशोधक विद्यार्थी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी केमिस्ट आहे. पंचगंगेच्या खोऱ्यातल्या प्रोसेस हाऊसमधून, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्यांतून, येणारं रंगीत सांडपाणी साफ करणं हे माझं रोजचं काम. सकाळी जार टेस्ट लावायची, म्हणजे थोड्या पाण्यावर रसायन आजमावून चुना आणि हिराकशीचा (फेरस सल्फेटचा) डोस ठरवायचा, गाळ खाली बसवणाऱ्या क्लॅरिफायरवर नजर ठेवायची, फिल्टर प्रेसमधून निघालेल्या केकचं, म्हणजे दाबून पाणी काढलेल्या गाळाचं, वजन वहीत चढवायचं, आणि प्रदूषण नियंत्रण बोर्डाचा माणूस नमुना घ्यायला आला की त्याच्या शेजारी उभं राहायचं. तुमचे शोधनिबंध मी आवडीने वाचते. त्यातले कितीतरी आमच्याच पाण्याचं नाव घेऊन सुरू होतात. वस्त्रोद्योगाच्या सांडपाण्याची समस्या गंभीर आहे, म्हणून आम्ही अमुक फेराइट, तमुक संमिश्र बनवलं, अशी ती प्रस्तावना असते. ज्यांच्या नावाने प्रस्तावना लिहिली जाते त्यांच्यापैकी कुणी उत्तर दिलेलं मात्र माझ्या वाचनात नाही. ते द्यावं म्हणून हे पत्र.

पत्र खुलं असल्यामुळे विषयाबाहेरचे लोकही वाचतील, त्यांच्यासाठी थोडं सांगते. लोखंडाच्या दोन प्रकारच्या क्षारांचं पाण्यातलं मिश्रण घेऊन त्यात अमोनिया किंवा कॉस्टिक (सोडा) घातलं की मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोखंडाच्या चुंबकीय ऑक्साइडचा, काळा साका तयार होतो. फ्रान्सच्या मासार यांनी १९८१ मध्ये या पद्धतीचं सोपं रूप मांडलं आणि आजही बहुतेक प्रयोगशाळा त्याच वाटेने जातात. कण १० नॅनोमीटरचा असेल तर एका ग्रॅम पुडीचा पृष्ठभाग ११५ चौरस मीटरच्या घरात जातो. या पृष्ठभागावर रंग, आर्सेनिक, क्रोमियम, फॉस्फेट अशा गोष्टी चिकटतात. एरवी इतकी बारीक पूड पाण्यातून परत काढणं अशक्यच. पण ती चुंबकाला ओढली जाते, आणि एवढ्या लहान आकारात चुंबक दूर केला की कणांची चुंबकताही मावळते, म्हणून ते पुन्हा पाण्यात सहज पसरतात. कण काढायचे, धुवायचे, परत वापरायचे, ही झाली एक फेरी. कल्पना सुंदर आहे.

तिचं सोनं झालं ते २००६ मध्ये. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात विकी कोल्विन यांच्या गटाने दाखवलं की १२ नॅनोमीटरच्या आसपासचे, एकसारख्या आकाराचे मॅग्नेटाइटचे कण साध्या, कमी ताकदीच्या चुंबकानेही पाण्यातून ओढता येतात. तोवर त्यासाठी मोठाली विद्युतचुंबकं लागतील असा समज होता. त्याच कणांनी त्यांनी पाण्यातलं आर्सेनिक काढून दाखवलं. पुढे त्याच गटातून खाद्यतेल आणि गंज वापरून असे कण बनवण्याची स्वस्त पद्धतही आली. महाराष्ट्रात तर फेराइटवरचं, म्हणजे मॅग्नेटाइटच्या जातीच्या चुंबकीय ऑक्साइडांवरचं, काम यापेक्षा जुनं आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या पिढ्या फेराइट भाजत आणि त्यांचे चुंबकीय गुण मोजत आल्या. हा वारसा पाण्याकडे वळला, ही माझ्या दृष्टीने चांगलीच गोष्ट आहे.

आता तक्रारीकडे येते.

तुमच्या निबंधात शेवटाकडे एक आकृती हमखास असते. पाच खांब, उजवीकडे जरा जरा उतरत जाणारे. पहिल्या फेरीत रंग ९८ टक्के निघाला, पाचव्या फेरीत ८५ टक्के. खाली ओळ: पदार्थाची पुनर्वापरक्षमता उत्कृष्ट आहे. मग निष्कर्ष, आभार, संपलं.

पाच फेऱ्यांत क्षमता १०० वरून ८५ वर आली आणि पुढेही ती त्याच प्रमाणात, म्हणजे दर पाच फेऱ्यांना उरलेल्याच्या ८५ टक्क्यांवर, उतरत गेली असं धरा. तिसाव्या फेरीला ती ३८ वर येईल. तुमच्या टेबलावर पाच फेऱ्यांना आठवडा लागत असेल. आमच्याकडे पाणी चोवीस तास येतं. दोन तासांची एक फेरी धरली तर तीस फेऱ्या अडीच दिवसांत होतात. म्हणजे सोमवारी सकाळी टाकीत घातलेली पूड बुधवारी संध्याकाळी जेमतेम दोन पंचमांश कामाची उरेल. फेऱ्या कमी करायच्या तर माल जास्त ठेवावा लागेल. हिशेब साधा आहे. रोजच्या १० लाख लिटर पाण्यात लिटरला ५० मिलीग्रॅम रंग म्हणजे रोजचा ५० किलो रंग. तुमच्या पुडीची क्षमता ग्रॅमला १०० मिलीग्रॅम रंग धरण्याची, तीही प्रत्यक्षात पूर्ण मिळाली असं समजू. तरी दिवसाला ५०० किलो पूड पाण्यात जाऊन चुंबकापुढून परत यायला हवी. ५०० किलो एकदाच फिरवा किंवा सुमारे ४२ किलो बारा वेळा फिरवा, चुंबकापुढून जाणारं एकूण वजन तेवढंच राहतं.

आणि इथेच मला सगळ्यात मोठी अडचण दिसते. चुंबकाने ९९ टक्के कण परत मिळाले असं निबंधात लिहिलेलं असतं, तेही अनेकदा डोळ्यांनी पाहून. बीकरच्या काचेला निओडिमियमचा चुंबक टेकवलेला, पाणी नितळ, काळा ठिपका एका बाजूला, असा तो फोटो. पण ५०० किलोतला एक टक्का म्हणजे ५ किलो. तो १० लाख लिटरमध्ये पसरला की लिटरला ५ मिलीग्रॅम होतात. कण निव्वळ मॅग्नेटाइटचे धरले तर त्यात ७२ टक्के लोखंड, म्हणजे लिटरला ३.६ मिलीग्रॅम. पर्यावरण संरक्षण नियमांतल्या सर्वसाधारण निकषांत नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात लोखंडाची मर्यादा आहे ३ मिलीग्रॅम. म्हणजे ९९ टक्के परत मिळवूनही आम्ही नापास. तुमचा रंग निघून जाईल आणि नोटीस लोखंडासाठी येईल! कोबाल्ट किंवा निकेल फेराइट वापरलं असेल तर मामला लोखंडाइतका सौम्यही राहत नाही. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या मानकात निकेलची मर्यादा लिटरला ०.०२ मिलीग्रॅम आहे. कोबाल्टला त्या तक्त्यात ओळच नाही. म्हणजे पाण्यात उतरलेलं कोबाल्ट नेहमीच्या चाचणीत कुणाला दिसणारही नाही.

हे वाचून कुणी म्हणेल की मग ९९.९ टक्के मिळवू. मिळवता येईल, पण त्यासाठी चुंबकाचा विचार पहिल्या दिवसापासून करावा लागतो. चुंबकाची ओढ कणाच्या घनफळावर अवलंबून असते. १०० नॅनोमीटरच्या कणाच्या मानाने १० नॅनोमीटरच्या कणावर ती हजारपट कमी असते. शिवाय काचेपासून दूर गेलं की क्षेत्र झपाट्याने पडतं. १०० मिलीलिटरच्या बीकरमध्ये सगळं पाणी चुंबकापासून चार-पाच सेंटिमीटरच्या आत असतं. आमची टाकी चार मीटर खोल आहे. बीकरमध्ये जे झटकन ओढलं जातं ते सुटे कण नसून त्यांचे गुठळे असतात, हेही तुम्हाला ठाऊक आहे. गुठळे झाले की ओढायला सोपं, पण तो ११५ चौरस मीटरचा पृष्ठभाग आत दडतो. तुम्ही ही ओढाताण रोज पाहता, पण निबंधात तिच्याबद्दल अवाक्षर नसतं.

दुसरी गोष्ट रंगाची. मेथिलीन ब्लू. माझी हात जोडून विनंती आहे, आता याला निवृत्त करा. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ६६४ नॅनोमीटरला त्याचं शिखर स्वच्छ दिसतं, बाटली स्वस्त मिळते, आणि तो धनभारित असल्याने ऋणभार असलेल्या जवळपास कशालाही चिकटतो. नारळाच्या शेंड्या, चहाचा चोथा, शेंगांची टरफलं, सगळ्यांनी मेथिलीन ब्लू शोषलेला आहे. पण आमच्याकडे सुती कापड मेथिलीन ब्लूने कुणी रंगवत नाही. इथे चालतात रिअॅक्टिव्ह रंग. रेणूवर सल्फोनेटचे गट असलेले, म्हणजे ऋणभारित. कापडाला न लागलेला भाग पाण्याशी संयोग पावून निकामी होतो आणि तोच आमच्याकडे येतो. सोबत काय येतं पाहा. गडद छटेला डायबाथमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या द्रावणात, लिटरला ५० ते ८० ग्रॅम मीठ किंवा ग्लोबर सॉल्ट (सोडियम सल्फेट), सोडा, साबण, सुताला खळ देण्याच्या सायझिंगचा स्टार्च आणि पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल). सगळं मिसळून पाण्याचा सामू नऊ-दहावर. मॅग्नेटाइटचा पृष्ठभाग सातच्या आसपास भारहीन असतो आणि त्यावर गेलं की ऋणभारित होतो. पृष्ठभाग ऋण आणि रंगही ऋण, चिकटणार कसा? उरलेल्या जागांसाठी सल्फेट रांगेत उभं असतं आणि वरून स्टार्चचा लेप बसतो. डिस्टिल्ड वॉटरमध्ये मेथिलीन ब्लू घेऊन मिळालेला ग्रॅमला १०० मिलीग्रॅमचा आकडा इथे काहीही सांगत नाही. तुमच्या निबंधात कधीकधी 'प्रत्यक्ष नमुन्यावर चाचणी' असं उपशीर्षक असतं. बहुतेक वेळा खाली लिहिलेलं असतं की नळाच्या पाण्यात रंग मिसळून प्रयोग केला. ते नळाचं पाणी झालं, सांडपाणी नव्हे.

तिसरी गोष्ट धुण्याची. कण धुवायला तुम्ही डेसिनॉर्मल, म्हणजे लिटरला ४ ग्रॅमचं, कॉस्टिक वापरता, कधी आम्ल, कधी इथेनॉल किंवा मिथेनॉल. आम्लाने मॅग्नेटाइट स्वतःच थोडंथोडं विरघळतं, आणि दर फेरीला घटणाऱ्या क्षमतेत त्याचाही वाटा असतो. मिथेनॉलचे पिंप प्लांटमध्ये आणायचे म्हटलं तर परवाना आणि आगीची जोखीम दोन्ही आली. कॉस्टिक आम्ही रोज हाताळतो, तेव्हा तेच धरू. किलोला १० लिटर या दराने ५०० किलोला ५,००० लिटर द्रावण, त्यात २० किलो कॉस्टिक आणि सगळा ५० किलो रंग. लिटरला १० ग्रॅम रंग असलेलं, शाईसारखं दाट पाणी. हे जाणार कुठे? प्रयोगशाळेत ते सिंकमध्ये जातं किंवा कोपऱ्यातल्या कॅनमध्ये. आमच्याकडे ते धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांखाली येईल, मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्याच्या वाहतुकीचा कागद, भरावं लागेल आणि टँकर किंवा वाळलेला केक तळोजा, रांजणगावसारख्या केंद्रात पाठवावा लागेल. नाहीतर इव्हॅपोरेटरमध्ये आटवावं लागेल, त्याला वाफ लागते, वाफेला जळण लागतं. तुमच्या निबंधात 'शाश्वत' हा शब्द शीर्षकात असतो आणि या ५,००० लिटरचा उल्लेख कुठेच नसतो.

पण हाच तुमचा खरा जमेचा मुद्दा आहे आणि तो तुम्ही मांडतच नाही, याचं मला नवल वाटतं! १० लाख लिटरमधला रंग तुम्ही ५ हजार लिटरमध्ये आणून ठेवला. दोनशेपट आटवला, तेही न उकळता. आमच्या चुना-हिराकशीच्या पद्धतीत लिटरला ४०० मिलीग्रॅम चुना घातला तरी १० लाख लिटरला रोज ४०० किलो चुनाच जातो. हिराकस वेगळी. त्यातला बराचसा भाग गाळ होऊन बाहेर पडतो, केकमध्ये पाणी धरून बसतो आणि वजनावर पैसे देऊन आम्हाला तो पाठवावा लागतो. गाळ कमी करून दाखवा, प्लांटमधला प्रत्येक माणूस तुमचं ऐकेल. शोषणक्षमता ग्रॅमला १०० की १२०, याने आमचं काही बदलत नाही. रोजचा केक निम्म्यावर आला तर पुष्कळ बदलतं.

चुंबक वापरून पाणी शुद्ध करणं हे काही स्वप्नरंजन नाही, हेही सांगते, कारण जे चाललंय त्याच्याकडे तुमचे निबंध फारसे पाहत नाहीत. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या संस्थेने सिरोफ्लॉक नावाची पद्धत काढली. पर्थमधल्या मिराबुका इथे १९८० च्या सुमारास ती पिण्याच्या पाण्यासाठी सुरू झाली. मॅग्नेटाइटचे काही मायक्रॉनचे कण पाण्यातला रंग आणि गढूळपणा धरायचे, कॉस्टिकने धुवून परत फिरवले जायचे. कण नॅनो नव्हते आणि बहुधा म्हणूनच परत मिळत होते. पुढे त्याच देशात मायेक्स नावाचं चुंबकीय रेझिन आलं. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या माउंट प्लेझंट इथे २००१ मध्ये त्याचं केंद्र सुरू झालं. त्याच्या मण्यांत चुंबकीय लोह ऑक्साइड असतं. मणी १५०-२०० मायक्रॉनचे, एकमेकांना ओढून गोळा होतात आणि पटकन खाली बसतात. बाहेरून चुंबक लावावाच लागत नाही! मिठाच्या पाण्याने धुतले की परत तयार. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या कॉनकॉर्ड इथे फॉस्फरस काढण्यासाठी गाळाच्या फुलांत मॅग्नेटाइट घालून त्यांना वजन देतात, मग गाळ घुसळून सोडवतात आणि फिरत्या चुंबकीय ड्रमने मॅग्नेटाइट परत घेतात.

एवढं लांबही जायला नको. झारखंडातल्या कोळसा वॉशरीत मॅग्नेटाइट घातलेल्या जड पाण्यात कोळसा धुतात आणि ओल्या चुंबकीय ड्रमने मॅग्नेटाइट परत मिळवतात. तिथल्या शिफ्ट इंचार्जला विचारा, तो टनामागे किती मॅग्नेटाइट वाया गेलं ते किलोत सांगेल, कारण तो खर्च त्याच्या माथी पडतो. हे आकडे तुमच्या क्षेत्रात कुणी मागत नाही. चुंबकाला लागणारी कारागिरीसुद्धा घराजवळ आहे. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत वापरलेल्या वाळूतून लोखंड काढायला चुंबकीय सेपरेटर फिरतात. तिथून इचलकरंजी तासाभराच्या अंतरावर. तुमच्या विद्यार्थ्याने एक दिवस फाउंड्रीत आणि एक दिवस प्रोसेस हाऊसमध्ये घालवला तर प्रबंधाचं सहावं प्रकरण तिथेच सापडेल.

विषय निवडताना एक गोष्ट सुचवावीशी वाटते. सगळं मिसळलेलं पाणी घेऊन त्यातून रंग काढायचा हट्ट सोडा. डायबाथचं पहिलं सोडलेलं पाणी वेगळं घ्या. ते थोडं असतं, रंग दाट असतो आणि त्यात ते सगळं मीठ असतं. त्यातून नुसता रंग काढून दिलात तर उरलेलं मिठाचं पाणी पुढच्या घाण्याला परत वापरता येईल. तमिळनाडूत तिरुपूरला, २०११ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशाने रंगाईची युनिट्स बंद पडल्यानंतर, पाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची व्यवस्था उभी राहिली. तिथे मिठाचं पाणी परत वापरण्याचा धडा लोकांनी खर्च सोसून शिकला. आपल्याकडे विरघळलेल्या क्षारांची लिटरला २,१०० मिलीग्रॅमची मर्यादा पाळणं हीच रंगाईवाल्यांची डोकेदुखी आहे आणि ती कुठल्याही शोषकाने सुटत नाही, कारण मीठ कशालाही चिकटत नाही. मीठ फिरवत ठेवणं हाच उपाय. लिटरला ६० ग्रॅम मीठ असताना रिअॅक्टिव्ह रंग धरणारा आणि चुंबकाने सुटणारा कण कुणी बनवेल का? कार्बनसारख्या काही पृष्ठभागांवर मीठ वाढलं की रंग उलट जास्त बसतो. म्हणजे ज्याला तुम्ही अडथळा मानता ते तिथे मदतीला येऊ शकेल. हा प्रश्न पीएच.डी.ला पुरेसा आहे, आणि उत्तर मिळालं तर विकतही घेतलं जाईल.

फ्लोराइडवर काम करणाऱ्यांसाठी दोन शब्द. तो माझा प्रांत नाही, म्हणून दोनच. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १.५ मिलीग्रॅमच्या कमाल मर्यादेवर आहे. नागपूरच्या नीरीने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने) सत्तरच्या दशकात शोधलेली नालगोंडा पद्धत, म्हणजे तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर, गावात टिकवणं कठीण गेलं. सक्रिय अॅल्युमिनाच्या गाळण्या बसल्या, पण त्या धुवायला माणूस आणि रसायन वेळेवर पोचणं हीच खरी मेख होती. स्थायी चुंबकाला वीज लागत नाही, ही तुमची जमेची बाजू. पण गावातल्या बाईच्या हाती कॉस्टिकची बाटली देऊ नका. पूड गोळा करून तालुक्याला नेऊन धुण्याची सोय आखा आणि तीही निबंधात लिहा. पिण्याच्या पाण्यात एक टक्काही कण सुटून चालणार नाहीत. आयआयटी मद्रासमध्ये टी. प्रदीप यांच्या गटाने आर्सेनिकसाठी 'अमृत' बनवलं, तेव्हा लोखंडाच्या संयुगाचे नॅनोकण कायटोसान या नैसर्गिक बहुवारिकाच्या आधाराने दाण्यांत बांधून गाळणीत बसवले. सुटे कण सोडून ते चुंबकाने पकडत बसण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. चुंबक वापरायचाच असेल तर या सोप्या रस्त्यापेक्षा तो कुठे सरस ठरतो ते आधी दाखवावं लागेल. गढूळ, गाळाने भरलेल्या पाण्यात सरस ठरेल, कारण तिथे गाळणी चोंदते. स्वच्छ दिसणाऱ्या बोअरच्या पाण्यात ठरेल का, मला शंका आहे.

आणि हो, ते तुळशीच्या, कडुनिंबाच्या, बेलाच्या पानांच्या अर्काने केलेलं हरित संश्लेषण. पान कोणत्या महिन्यात तोडलं यावर कणाचा आकार बदलत असेल तर मला ५०० किलो एकसारखी पूड कोण देणार? फेरिक क्लोराइड तर तुम्ही बाजारातूनच आणता. त्याऐवजी गॅल्व्हनायझिंगवाल्यांकडचं पिकलिंगचं, म्हणजे लोखंडावरचा गंज काढायला वापरलेलं, आम्ल घ्या. त्यात लोखंड भरपूर असतं आणि ते काढून टाकायला त्यांनाच पैसे मोजावे लागतात. त्यात जस्त, शिसं किती ते तपासून, ते काढून मॅग्नेटाइट बनवलंत तर त्याला हरित म्हणायला माझी हरकत नाही.

मग माझी मागणी काय? मार्गदर्शकांकडे आहे. पुढच्या सिनॉप्सिसला आणि आरएसीच्या (संशोधन सल्लागार समितीच्या) बैठकीत विद्यार्थ्याला एवढं विचारा: पूड किती ग्रॅम घातली, शेवटी वाळवून किती ग्रॅम उरली, मधली कुठे गेली? शुद्ध झालेल्या पाण्यात लोखंड आणि फेराइटमधला दुसरा धातू किती उतरला, तो मोजला का? धुण्याचं द्रावण किती लिटर निघालं आणि त्याचं काय केलं? फेऱ्या किमान पन्नास करा. कंटाळवाण्या आहेत, मान्य. छोटा पंप, टायमर आणि विद्युतचुंबक लावला तर रात्रभर आपोआप चालतील, तेवढं तुमच्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या विद्यार्थ्यांना सहज जमेल. पन्नासाव्या फेरीला क्षमता चाळीस टक्के निघाली तरी ती तशीच छापा. त्या चाळीस टक्क्यांवर मला खर्चाचा हिशेब मांडता येतो, पाचव्या फेरीच्या ८५ टक्क्यांवर येत नाही.

संपादक असा निबंध परत पाठवतील, नवीन काही नाही म्हणतील, ही भीती मी ऐकून आहे. ती खोटी नाही. विद्यार्थ्याची फेलोशिप संपत आलेली असते, निबंधांची संख्या भरायची असते आणि नवा पदार्थ बनवणं हे जुना पदार्थ पन्नास वेळा धुण्यापेक्षा लवकर छापून येतं. पण हे बदलायचा अधिकार विद्यार्थ्याकडे नाही, तुमच्याकडे आहे. निदान विद्यापीठाच्या प्रबंधात तरी वजनाचा हिशेब सक्तीचा करा. तिथे कुठला परदेशी संपादक आडवा येत नाही.

आमच्या बाजूने काय करता येईल तेही सांगते. मागे एका संशोधकाने आमच्याकडून दोन कॅन पाणी नेलं होतं, निकाल काही कळवला नाही. तरीही नमुना द्यायला माझी ना नाही, आणि माझ्यासारखे केमिस्ट इथे आणखी आहेत. फक्त व्यवस्थापनाच्या नावे विद्यापीठाच्या लेटरहेडवर पत्र आणा, म्हणजे गेटवर अडचण येणार नाही. एकाच दिवसाचं पाणी नेऊ नका. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी ते फिकं असतं, तुमचे निकाल उगाच चांगले येतील. सणाच्या आधीचे पंधरवडे गाठा, तेव्हा गडद छटांचे घाणे जोरात असतात. इक्वलायझेशन टँकच्या, म्हणजे सगळं पाणी एकत्र मिसळण्याच्या टाकीच्या, आधीचं आणि नंतरचं, दोन्ही घ्या. कॅन प्लास्टिकचे चालतील, पण गळ्यापर्यंत भरा आणि चोवीस तासांत प्रयोगाला लावा, स्टार्चमुळे ते लवकर आंबतं. त्या दिवशीचे सामू, सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) आणि टीडीएसचे (विरघळलेल्या क्षारांचे) आमचे आकडे मी सोबत लिहून देईन. पुन्हा येताना तुमचं धुण्याचं पाणीही घेऊन या. आमच्या जार टेस्टला लावून ते बसतं की नाही, केक किती निघतो, ते मी मोजून कळवते.

आपली,
पंचगंगेच्या खोऱ्यातली एक केमिस्ट